तो कुठे पाहत होता

२०१८ च्या हिवाळ्यात मी मुलीकडे लंडनला गेले होते. ती आणि जावई सकाळी कामावर गेले की दिवस माझा असे, आणि नॅशनल गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत हे कळल्यापासून मी आठवड्यातून दोनदा तरी तिथे जाऊन बसत असे. अशाच एका सकाळी जुन्या इटालियन चित्रांच्या दालनात शाळेची मुले आली, आठ-नऊ वर्षांची असावीत. बाईंनी त्यांना हातभर लांबीरुंदीच्या एका लाकडी फळीसमोर जमिनीवर बसवले आणि तिच्यावर रंगवलेली गोष्ट सांगितली. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस होता, येशूने थुंकीत माती कालवून ती त्याच्या डोळ्यांना लावली, कुंडावर जाऊन डोळे धुवायला सांगितले, आणि धुतल्यावर त्याला दिसू लागले. गोष्ट संपली, मुले उठून रांग धरू लागली, तेव्हा मागे राहिलेल्या एका मुलीने चित्राच्या उजव्या टोकाकडे बोट करून विचारले, ‘पण तो कुठे पाहतो आहे?’ बाईंनी घड्याळ पाहिले, ‘वर, देवाकडे’ असे काहीसे सांगितले, आणि रांग पुढच्या दालनाकडे निघाली. मुलगी मान वळवून चित्राकडे पाहत पाहत गेली.

तिचे समाधान झालेले नव्हते. माझेही झाले नाही.

मी नंतर बराच वेळ त्या फळीसमोर उभी होते. दुच्चो दि बुओनिन्सेन्या हे चित्रकाराचे नाव तोवर मी केवळ पाटीवर वाचलेले होते. वर सोन्याचे आकाश, त्याखाली गुलाबी आणि राखाडी घरांची दाटी, कमानींच्या आत काळोख. डावीकडे शिष्यांचा घोळका, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावणारा, आणि त्यांच्यापुढे निळ्या वस्त्रातला येशू, किंचित झुकून, एक बोट त्या माणसाच्या डोळ्याला लावतो आहे. ते बोट पाहताना आपल्याच पापणीला हुळहुळल्यासारखे होते. उजव्या टोकाला तोच माणूस पुन्हा आहे, त्याच कपड्यांत, कुंडाशी उभा. त्याची काठी हातातून सुटली आहे आणि तोंड वर झाले आहे. मला खटकले ते हे, की ज्याने दृष्टी दिली त्याच्याकडे त्याची पाठ आहे. जन्मभराच्या अंधारानंतर पहिल्यांदा दिसू लागले, आणि तो मागे वळून त्या माणसाचा चेहरा पाहत नाही, घरे पाहत नाही, स्वतःचे हात पाहत नाही. तो उजवीकडे वर पाहतो, जिथे चित्र संपते आणि चौकटीची पट्टी सुरू होते.

हे मला एवढे का लागावे, ते मला तेव्हाही ठाऊक होते. त्याच वर्षी श्रावणात सांगलीत आईच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. तिने ते चार वर्षे पुढे ढकलले होते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी तिच्या अगदी समोर स्टुलावर बसले होते, पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेली, न झोपलेली. तिने डोळा उघडला, दोन-तीनदा मिटला, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, ‘अगं, हा पांढरा नाही. ह्यात निळा आहे.’ मग ती एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा झाकून भिंत ताडून पाहत राहिली. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते, ते काढून नवे स्वच्छ भिंग बसवले की इतकी वर्षे गाळला गेलेला निळा रंग एकदम आत येतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. तिला मी दिसले नव्हते असे नाही, पण आधी भिंत दिसली. मला त्याचे वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली, कारण एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईने आधी रंग पाहावा यात गैर काहीच नव्हते.

तिच्या शाळेत ग्रेड परीक्षा जवळ आल्या की आमच्या घरी पडवीत वस्तुचित्राचा वर्ग भरे. स्टुलावर पितळी तांब्या, दोन कांदे, घडी मोडलेला नॅपकिन आणि भोवती एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुले. ती मुलांना काळा रंग वापरू देत नसे. सावली काढायची तर ट्यूबमधला ‘बर्न्ट सिएना’ घ्यायचा आणि त्यात थोडा ‘अल्ट्रामरीन’ घालायचा, मग सावलीत ऊबही राहते आणि थंडावाही राहतो, असे ती सांगे. आणि प्रत्येक मुलाच्या कागदावर वाकून एकच वाक्य म्हणे, ‘सावली काढल्याशिवाय वस्तू जमिनीला टेकत नाही.’ सिएना हे इटलीतल्या एका गावाचे नाव आहे हे तिला माहीत होते. त्या भागातल्या मातीत लोह आणि मँगनीज असते, ती कच्ची असताना पिवळट तपकिरी दिसते आणि भाजली की विटेसारखी लाल होते, एवढे तिने कुठेतरी वाचले होते आणि ते ती मुलांना सांगत असे. ते गाव पाहण्याची इच्छा तिने कधी बोलून दाखवली नाही. ट्यूब मात्र ती शेवटपर्यंत पिळून, मग कात्रीने कापून, आत राहिलेला रंगही ओल्या कुंचल्याने काढून घेत असे.

लंडनमधली ती फळी सिएनाच्या मोठ्या देवळातून आलेली आहे, हे पाटीवर वाचले तेव्हा माझे जाणे ठरून गेले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मुलीबरोबर आठ दिवसांसाठी गेले. आधी फ्लॉरेन्स लागले. तिथे उफिझी संग्रहालयात एकाच दालनात मेरी आणि बाळ येशूची तीन प्रचंड चित्रे आहेत, चिमाबुएचे, दुच्चोचे आणि जोत्तोचे. लोक तिथे तिन्हींची तुलना करायला येतात आणि बहुतेक जण जोत्तोच्या बाजूने निकाल देऊन जातात, कारण त्याच्या मेरीला वजन आहे, गुडघे आहेत, ती आसनावर खरोखर बसलेली आहे. माझे मन दुच्चोपाशी अडकले. हे चित्र त्याच्याकडून सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये स्तोत्रे गाणाऱ्या मंडळाने करवून घेतले, १५ एप्रिल १२८५ च्या करारान्वये, दीडशे लिरांना, आणि चित्र आवडले नाही तर आम्ही घेण्यास बांधील नाही अशी अट घालून. त्या मेरीच्या निळ्या वस्त्राची सोनेरी कड पायांपाशी अशी वळणे घेत उतरते, की तिच्याबरोबर आपली नजर कुठेही न थांबता खालपर्यंत जाते. तिचा चेहरा मात्र मला आधी आजारी वाटला. गालांखालून हिरवट छटा डोकावत होती. या चित्रकारांनी कातडीच्या रंगाखाली आधी हिरव्या मातीचा थर दिलेला असतो, त्यावर गुलाबी आणि पांढऱ्याच्या केसासारख्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, आणि शतकांच्या पुसण्या-धुण्याने वरचे थर झिजले की खालचा हिरवा वर येतो. हे कळल्यावर आजारपण दिसेनासे झाले आणि चेहऱ्यावर फिरलेले अनेक अनोळखी हात दिसू लागले.

सिएना टेकडीवर आहे आणि गाडी खाली थांबते. वर गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वीट. घरे विटेची, रस्ते अरुंद आणि थंड, आणि दोन घरांच्या मधून एकाएकी खाली उतरणारी पिअत्सा देल काम्पो, शिंपल्यासारखी पसरलेली, तीही विटेची, पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी नऊ भागांत विभागलेली. १२८७ ते १३५५ पर्यंत या नगरावर नऊ जणांच्या मंडळाने राज्य केले, त्यांची ती खूण. दुपारच्या उन्हात त्या चौकाच्या उतारावर लोक सरळ पाठ टेकून झोपतात. मीही हात टेकून बसले, आणि तळहाताखालची ऊबदार वीट पाहून माझ्या तोंडून आईच्या ट्यूबवरचे नाव निघून गेले. एक भिंतही नवी कोरी दिसत नव्हती आणि एकही मळकी वाटत नव्हती. तिने तिथे बसून काय म्हटले असते याचा विचार करत मी बराच वेळ सावल्या पाहिल्या. त्या काळ्या नव्हत्या.

देऊळ पांढऱ्या आणि काळसर संगमरवरी पट्ट्यांचे आहे. त्याच्या उजव्या हाताला एक भलीमोठी भिंत नुसतीच उभी आहे, तिच्या खिडक्यांतून आकाश दिसते. १३३९ मध्ये सिएनाने ठरवले होते की आहे ते देऊळ हा नव्या देवळाचा केवळ आडवा बाहू असेल, आणि ख्रिस्ती जगात तोड नाही असे देऊळ उभे राहील. नऊ वर्षांनी प्लेग आला, पुढे बांधकामातही दोष निघाले, आणि काम सोडून देण्यात आले. त्या न झालेल्या देवळाच्या एका पाखीच्या कमानी बुजवून आता संग्रहालय केले आहे, आणि त्यात एका अंधाऱ्या खोलीत दुच्चोची ‘माएस्ता’ आहे. माझी लंडनमधली फळी हिचाच तुकडा.

या चित्राबद्दल मी वाचून गेले होते, तरी समोर उभे राहिल्यावर आकार अंगावर आला. मधली फळी एकटीच जवळजवळ चार मीटर रुंद. सिंहासनावर मेरी, भोवती संत आणि देवदूत यांची रांगेमागे रांग. मागच्या बाजूला, जी मुख्यतः पुरोहितांना दिसे, येशूच्या अखेरच्या दिवसांची सव्वीस दृश्ये, आणि खाली पुढेमागे छोट्या चित्रांच्या तळपट्ट्या. ऑक्टोबर १३०८ चा करार उपलब्ध आहे. दुच्चोने स्वतःच्या हाताने काम करावे, हे पुरे होईपर्यंत दुसरे काम घेऊ नये, आणि काम केलेल्या प्रत्येक दिवसाला सोळा सोल्दी मिळावेत. त्याच्याविषयीचे इतर कागद बहुतेक दंडाचे आहेत. शपथ घ्यायला नकार दिला म्हणून दंड, लढाईला गेला नाही म्हणून दंड. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी वारसा नाकारला, कारण वारशात कर्जच होते. आणि याच माणसाने तीन वर्षे बसून मेरीच्या पायाशी लॅटिनमध्ये लिहिले आहे, पवित्र देवमाते, सिएनाच्या शांतीचे कारण हो, आणि दुच्चोला आयुष्य दे, कारण त्याने तुला असे रंगवले. आधी नगर, मग स्वतः. हा क्रम त्याने केवळ रीत म्हणून पाळला असेल असे मला वाटत नाही. १२६० मध्ये मोन्तापेर्तीच्या लढाईआधी सिएनाने आपले नगर मेरीच्या हवाली केले होते, आणि त्या दिवशी जन्मलेली माणसे दुच्चोच्या कामाच्या काळात पन्नाशीला पोचली होती.

९ जून १३११ ला हे चित्र दुच्चोच्या कार्यशाळेतून देवळात नेले. दुकाने बंद होती, घंटा वाजत होत्या, बिशप, पुरोहित, नऊ जणांचे मंडळ, त्यांच्या मागे हातात पेटत्या मेणबत्त्या घेतलेले नागरिक, शेवटी बायका आणि मुले. कर्णे, सनया आणि नगारे वाजवणाऱ्यांना दिलेल्या पैशांची नोंदही आहे. मिरवणूक काम्पोला वळसा घालून वर गेली. मी त्या वाटेने चालून पाहिले. चढ असा आहे की फळीचे वजन खांद्यावर घेतलेल्या माणसांना मध्ये थांबावे लागले असणार, आणि थांबल्यावर जूनचे ऊन त्या सोन्यावर पडले असणार. त्या दिवसानंतर देवळात त्या सोन्याला बहुतेक मेणबत्त्यांचाच उजेड मिळाला. हे चित्रकार त्या उजेडाचा विचार करूनच काम करत. पॉपलरच्या फळीवर सरस आणि जिप्समचे थर, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत, त्यावर तांबड्या चिकणमातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि तो कुत्र्याच्या दाताने घोटून चमकवलेला. चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या सुमारास या सगळ्या कृती लिहून ठेवल्या. रंग अंड्याच्या बलकात कालवायचे, पण तरुण चेहऱ्यासाठी शहरातल्या कोंबडीचे अंडे घ्यावे, कारण तिचा बलक फिकट असतो, आणि म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यासाठी खेड्यातल्या कोंबडीचे, असे तो सांगतो. हे मी आईला फोनवर वाचून दाखवले तेव्हा ती काही क्षण गप्प होती आणि मग म्हणाली, ‘बरोबर आहे. गावाकडचा बलक केशरी असतो.’

पुढे १५०६ मध्ये ‘माएस्ता’ मुख्य वेदीवरून काढली गेली, आणि १७७१ मध्ये तिच्यावर करवत चालवली गेली. दोन वेद्यांवर वाटायची म्हणून पुढची बाजू मागच्या बाजूपासून सोलून काढली, उभे तुकडे पाडले, आणि त्यात मेरीच्या चेहऱ्याला आणि वस्त्राला इजा झाली. ती खूण अजून दिसते. तळपट्टीची छोटी चित्रे सुटी झाली, आणि सुटे झालेले विकले जाते. लंडनने आंधळ्याचे चित्र १८८३ मध्ये घेतले. काही तुकडे न्यू यॉर्कला, वॉशिंग्टनला, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला, माद्रिदला गेले. करवत धरणाऱ्यांनी द्वेषाने काही केले नाही, त्यांना ते जुने, अवजड, अडचणीचे लाकूड वाटत होते, हे मला समजते. तरी त्या खोलीत उभी असताना मला त्यांना क्षमा करता आली नाही. आणि त्याच वेळी हेही मनात येत होते, की ते तुकडे जगभर गेले नसते तर माझी आणि या चित्राची गाठच पडली नसती, त्या मुलीने तो प्रश्न विचारला नसता, आणि मी इथे आले नसते. या दोन भावनांचा मेळ मला आजही घालता आलेला नाही.

नगरपालिकेच्या इमारतीतली दोन दालने मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. पहिल्यात सिमोने मार्तिनीची १३१५ ची मेरी आहे, भिंतभर, चांदव्याखाली बसलेली, आणि तिच्या तोंडी राज्यकर्त्यांसाठी बजावणीच्या ओळी आहेत. शेजारच्या खोलीत ते नऊ जण बैठकीला बसत. तिथे आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८ आणि १३३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रे रंगवली. पूर्वेच्या भिंतीवर चांगला कारभार चाललेले नगर आहे. चांभार दुकानात बसला आहे, वर्गात गुरुजी शिकवत आहेत, गवंडी परांचीवर चढून घर बांधत आहेत, चौकात हात धरून नाच चालला आहे, गाढवांवर लाकडे लादली आहेत. वेशीतून बाहेर पडले की टेकड्या, द्राक्षमळे, मळणी, आणि काळ्या अंगावर पांढरा पट्टा असलेले एक डुक्कर नगराकडे हाकलले जात आहे. तशी डुकरे त्या भागात आजही पाळतात. समोरच्या भिंतीवर जुलमी राज्य आहे, शिंगे असलेला राजा, ओसाड रस्ते, आणि चालू असलेला धंदा एकच, शस्त्रे घडवणाऱ्याचा. ती भिंत ओल लागून पुष्कळ झडली आहे. तिसऱ्या भिंतीवर न्यायाच्या तराजूतून निघालेली दोरी सुतारी रंधा मांडीवर घेऊन बसलेल्या एका स्त्रीच्या हातातून चोवीस नागरिकांच्या हातांत जाते. ती स्त्री म्हणजे एकोपा, आणि रंधा कशासाठी, हे एकत्र राहणाऱ्या कुणालाही समजावे लागत नाही.

त्या खोलीला खिडकी एकच आहे, दक्षिणेला. मी तिच्यापाशी उभी राहिले तेव्हा लक्षात आले की भिंतीवरचे नगर जिथे संपून शेते सुरू होतात, त्याच दिशेला खिडकीबाहेर खरी दरी आणि खऱ्या टेकड्या आहेत. बैठकीला बसलेल्या माणसाने मान वर केली की एकीकडे त्याला रंगवलेले शेत दिसे, दुसरीकडे खरे, आणि मधल्या जागेत तो स्वतः निर्णय घ्यायला बसलेला असे. चित्र भिंतीपाशी थांबत नव्हते. ते खिडकीकडे पाहत होते.

तेव्हापासून मी या चित्रकारांची चित्रे वेगळ्या रीतीने पाहू लागले, हे चित्र कशाच्या शेजारी होते, हे विचारत. परतताना पादुआला जोत्तोचे स्क्रोवेन्यी प्रार्थनागृह पाहिले. आधी पंधरा मिनिटे काचेच्या बंद खोलीत बसवतात, आपल्या श्वासाची आणि कपड्यांची ओल स्थिरावावी म्हणून, आणि मग आत पंधरा मिनिटे मिळतात. निळ्या छताखाली सगळे जण एकदम गप्प झाले. मी मात्र दरवाजावरची खिडकी शोधत होते, कारण जोत्तोने भिंतीवरच्या माणसांवर उजेड पाडला आहे तो त्याच खिडकीतून येत असल्यासारखा. वस्त्रांच्या घड्यांची उजळ बाजू तिकडे वळलेली आहे. खिडकी अजून तिथेच आहे, म्हणून तो उजेड अजून कळतो. पंधरा मिनिटे अपुरी होती.

आम्ब्रोज्योच्या नगरातल्या त्या नाचाला दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १३४८ मध्ये, प्लेग आला. आन्योलो दि तुरा नावाच्या बखरकाराने आपली पाच मुले आपल्याच हातांनी पुरली असे लिहून ठेवले आहे. आम्ब्रोज्योने त्या जूनमध्ये मृत्युपत्र केले, आणि त्यानंतर तो किंवा त्याचा चित्रकार भाऊ पिएत्रो कुठल्याही कागदात दिसत नाही. सिएनाच्या चित्रकलेची ती मोठी पिढी एका उन्हाळ्यात संपली. मिरवणुकीत मेणबत्ती धरून चाललेल्या मुलांपैकी जी तोवर जगली असतील, ती तेव्हा चाळिशीपलीकडे होती. ‘सिएनाच्या शांतीचे कारण हो’ ही अक्षरे त्यांच्या देवळात, मुख्य वेदीवर, त्या सगळ्या महिन्यांत तशीच होती. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि त्यापुढे मला जाता आलेले नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी पुन्हा लंडनला होते. नॅशनल गॅलरीने १३०० ते १३५० च्या सिएनाच्या चित्रकलेचे प्रदर्शन भरवले होते, आणि त्यात ‘माएस्ता’च्या मागच्या तळपट्टीचे उरलेले आठही तुकडे, अमेरिकेतून, माद्रिदहून आणि सिएनाहून आणून, मूळ क्रमाने शेजारी शेजारी मांडले होते. दालने काळोखी होती आणि उजेड फक्त फळ्यांवर. मी डावीकडून सुरुवात केली. सैतान येशूला डोंगरावरून जगातली सगळी राज्ये दाखवतो, आणि ती राज्ये म्हणजे तट आणि बुरूज असलेली, मुठीएवढी, सिएनासारखीच गावे. दुच्चोला जगाचे वैभव कल्पिताना आपल्याच गल्ल्या आठवल्या. मग जाळे ओढणारे कोळी, मग काना नावाच्या गावातले लग्न, मग डोक्यावर घडा घेतलेली शोमरोनी बाई. आणि मग माझा आंधळा.

तो उजवीकडे वर पाहत होता, आणि त्याच्या उजवीकडे चित्र होते. रूपांतराचे, म्हणजे येशूचे रूप तेजाने पालटले त्या प्रसंगाचे. डोंगरमाथ्यावर येशू, मोशे आणि एलीया यांच्या मधोमध, वस्त्रावर सोन्याच्या रेघाच रेघा, खाली दिपून गेलेले तीन शिष्य. माणसाची नजर फळीची कड ओलांडून नेमकी तिथे चढत होती. ज्याच्याकडे त्याने पाठ फिरवली असे मी सहा वर्षांहून जास्त समजत होते, त्याच्याकडेच तो पाहत होता. शिष्यांना जे डोळे दिपल्याशिवाय पाहता आले नाही, ते नुकतीच दृष्टी आलेला हा माणूस तोंड वर करून सरळ पाहत होता. आणि हे दोन्ही तुकडे लंडनचेच. दुसरा १८९१ मध्ये आला. म्हणजे उत्तर त्या हिवाळ्यातही त्याच संग्रहात होते, पण दोघांना स्वतंत्र चौकटी होत्या, आणि चौकट दिसली की आपण तिथे पाहणे थांबवतो. मी त्या दोन फळ्यांमध्ये उभी राहून मागे-पुढे होत राहिले, इतकी की माझ्यामागच्या गृहस्थांना दोनदा वाट द्यावी लागली. ती मुलगी आता पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिला कुणीतरी इथे आणावे असे मला फार वाटले.

त्या रात्री सांगलीला फोन लावला. आई आता पंच्याऐंशीची आहे. दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन होऊन गेले आहे, पण डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी झालेल्या आजाराने नजरेच्या मधोमध एक डाग पडला आहे, म्हणून मोबाइलवरचे चित्र तिला लागत नाही. तिला सांगावे लागते. मी छापील कार्ड हातात घेऊन तिला डावीकडून उजवीकडे सगळे सांगितले, घरांचे रंग, सोने, बोट, कुंड, वर केलेले तोंड, शेजारचा डोंगर. तिने मध्ये कुठेही विचारले नाही की याचा अर्थ काय. येशूचे वस्त्र कुठल्या निळ्याचे, हे विचारले. मी सांगितले, लाजवर्द दगडाच्या पुडीचे, तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येत असे, समुद्रापलीकडून म्हणून त्या रंगाचे नाव अल्ट्रामरीन पडले. ‘म्हणजे आपलाच,’ ती म्हणाली.

मग तिने विचारले, ‘काठी कुठे आहे म्हणालीस?’

‘हातातून सुटली आहे. कुंडाशी.’

‘तिची सावली काढली आहे का त्याने?’

मी कार्ड टेबलावरच्या दिव्याखाली धरले आणि नीट पाहिले. या चित्रकारांनी चेहऱ्यांना आणि वस्त्रांना उजेड-अंधार दिला, पण जमिनीवर पडणारी सावली सहसा काढली नाही. त्या माणसाची नव्हती, कुंडाची नव्हती, काठीचीही नव्हती.

‘नाही, आई. सावली नाही.’

ती थोडा वेळ बोलली नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

‘मग ती अजून टेकलेली नाही,’ आई म्हणाली.